डिस्प्लेवर 70, आत 81: बोरम्याच्या दुरुस्तीत आमची झालेली फसवणूक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याला आमचं काजू सोलायचं छोटं युनिट आहे. पत्र्याची शेड, मी, माझी जाऊ आणि गावातल्या सहा बायका. गर वाळवायचा बोरमा शेडमध्ये, त्याची लाकडाची भट्टी बाहेर मागच्या भिंतीला लागून. भट्टीत हवा मारायला ब्लोअर, बोरम्यात सेन्सर आणि भिंतीवर कंट्रोलरचा डबा. 70 अंश लावून ठेवलं की 70 ला ब्लोअर बंद होतो, उष्णता उतरली की परत सुरू. सहा-आठ तास असा गर वाळला, ओल तीन टक्क्यांच्या आसपास आली, की साल बोटांनी सुटते. जास्त तापला तर गर तांबूस पडतो आणि डब्ल्यू 320 चा, म्हणजे अख्ख्या पांढऱ्या गराचा, चांगला माल स्कॉर्चच्या, म्हणजे भाजलेल्या मालाच्या, भावात द्यावा लागतो.

यंदा हंगाम ऐन भरात असताना बोरमा ताब्यात राहीना. 70 ला ब्लोअर थांबायचा, तरी आकडा चढतच जायचा. 80, 82, कधी 85. लाकूड कमी घालून बघितलं, फरक नाही. ओळखीतून एका दुरुस्तीवाल्याचा नंबर मिळाला. तो दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर आला. डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाला, "वहिनी, बोर्ड जळलाय. दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवीनच घाला."

इथेच मी चुकले, म्हणून नीट सांगते. कंट्रोलर 85 दाखवत होता आणि त्याच वेळी ब्लोअर गप्प होता. म्हणजे डब्याला उष्णता कळत होती, आणि ब्लोअर बंद करायचं त्याचं काम तो करत होता. बोर्ड जळला असता तर आकडाच आला नसता, नाहीतर ब्लोअर थांबला नसता. ब्लोअर बंद असूनही आग भडकतेय, तर हवा दुसरीकडून येतेय. हे मला आज कळतंय. त्या दिवशी 60 किलो गर ट्रेमध्ये पडून होता आणि मला फक्त भट्टी चालू व्हायला हवी होती.

नवीन कंट्रोलरचे त्याने 14,500 रुपये रोख घेतले. जुना डबा "कंपनीत जमा करावा लागतो" म्हणून पिशवीत घातला. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर रक्कम लिहून सही केली. चार बारीक काटक्या पेटवून अर्धा तास दाखवला आणि गेला. एवढ्याशा आगीवर कुठलीही भट्टी शहाण्यासारखीच वागणार.

रात्री पूर्ण भरणी घातली. आकडा 78 पर्यंत जाऊन थांबला. पूर्वी 85 ला जात होता, आता 78 वर येतोय, म्हणजे सुधारणा झाली असं आम्ही दोघी धरून चाललो. सकाळी ट्रे ओढला तर वरचा गर भाजल्यासारखा, कडा तपकिरी. आकडा कमी आणि माल जास्त जळालेला! जाऊ म्हणाली, "अगं, हे उलटंच कसं?" त्याला फोन केला. तो आला, ब्लोअर जोरात आहे म्हणाला आणि रेग्युलेटर बसवून आणखी 4,200 घेतले. दुसरी भरणीही गेली.

शेवटी सासऱ्यांचे एक मित्र मदतीला आले. बेळगावच्या उद्यमबागेत आयुष्यभर फर्नेसचे मीटर सांभाळलेले. त्यांनी डब्याला हातच लावला नाही. म्हणाले, "पोरी, आधी चुलीवर पाणी ठेव." पातेल्यात पाणी खळखळ उकळलं, तेव्हा सेन्सर बाहेर काढून त्यात धरला. समुद्राकाठी पाणी 100 ला उकळतं. आपल्याकडे समुद्रसपाटीपासून दोन-अडीच हजार फूट उंचीवर ते 97-98 ला उकळतं. डिस्प्ले 83 वर येऊन थांबला, पुढे हलेना.

अशा सेन्सरचे के, जे असे वेगवेगळे प्रकार असतात, आणि कंट्रोलरमध्ये तोच प्रकार निवडावा लागतो. आमचा सेन्सर के टाइपचा आहे, त्याच्या वायरवरच्या पट्टीवर तसं लिहिलंय. नव्या कंट्रोलरमध्ये सेटिंग होतं जे टाइपचं. के टाइपचा सेन्सर तेवढ्याच उष्णतेला जे टाइपपेक्षा कमी व्होल्टेज देतो, म्हणून जे च्या सेटिंगवर आकडा खोटा आणि कमी येतो. डब्यावर 70 दिसत होते तेव्हा बोरम्यात 81 होते. 78 दिसत होते तेव्हा 91 च्या आसपास. आमचा माल त्या न दिसणाऱ्या अंशांत जळाला. काकांनी मेनूत जाऊन जे चं के केलं आणि परत पाण्यात धरला. 97. दोन मिनिटांचं काम.

मग डबा उलटा केला. वायरी पकडणाऱ्या स्क्रूंची डोकी झिजलेली, आणि स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरा स्टिकर. नवीन म्हणून मला वापरलेला कंट्रोलर दिला होता. आमचा चालू स्थितीतला डबा असाच कुणाच्या तरी भिंतीवर गेला असणार, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली.

मूळ बिघाड मात्र अजून होताच. काकांनी वहीचं पान फाडून राखेच्या दारात धरलं, दार लावून कडी घातली आणि कागद ओढला. अलगद निघून आला. दार घट्ट बसलं असतं तर तो अडकला असता. मग चारी कडांशी पेटती उदबत्ती फिरवली. खालच्या डाव्या कोपऱ्यात धुराची रेघ वाकून सरळ आत गेली. दाराच्या खाचेतली ग्लास फायबरची दोरी दबून सपाट झाली होती. ब्लोअर बंद झाला तरी तिथून आगीला वारा मिळत होता. दोनशे रुपयांची दोरी, दाराला जरा ठोकाठोकी, आणि त्या रात्री बोरमा 73 च्या वर गेला नाही. लाकडाच्या आगीत तेवढं चढणारच.

पैसे परत मागितले तर त्याने फोन उचलणं सोडून दिलं. मी ग्राहक आयोगाची चौकशी केली. पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेला धंदा असेल तर 2019 च्या कायद्याखाली आपल्यालाही ग्राहक म्हणून तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांच्या आतल्या मालाला फी नाही. 1915 वर फोन केला तर माहिती मिळते. पण पुरावा म्हणून माझ्याजवळ काय, तर एक कोरा कागद आणि सही. नाव नाही, जीएसटी नंबर नाही, डब्याचा सिरीयल नंबर नाही. तरी तो कागद, दोन्ही स्टिकरचे फोटो आणि उकळत्या पाण्यातला 83 आकड्याचा फोटो जोडून मी तक्रार लिहितेय. तुम्ही कुणाकडून डबा बदलून घ्याल तर जुना डबा आपल्याकडेच ठेवा आणि पक्क्या बिलावर नंबर लिहून घ्या. आणि तो माणूस दारात असतानाच, त्याच्यादेखत, सेन्सर उकळत्या पाण्यात धरून बघा.

काल कणकुंबीकडच्या एका ताईंचा फोन आला. त्यांची भट्टीही थांबत नाही, आणि मोटारसायकलवरून आलेला एकजण बोर्ड जळालाय म्हणून बारा हजार मागतोय. मी म्हटलं, "त्याला जरा चहा द्या आणि तोवर राखेच्या दारात एक कागद धरून बघा." फोन चालूच होता. पलीकडे दार आपटल्याचा आवाज आला, कडी पडली, आणि मग ताई म्हणाल्या, "अवो, कागद आपोआप निघून आला की!"