लस आधी कोणाला आणि बॉर्डर कधी बंद: बाजू घ्यायच्या आधी हे समोरासमोर ठेवून बघा

पुढची साथ आली की हे दोन वाद परत होणार, आधी लस कोणाला द्यायची आणि बाहेरून येणाऱ्यांना थांबवायचं का. तेव्हा तुम्हाला कुठेतरी बाजू घ्यावी लागणार, मग तुम्ही एखाद्या कमिटीवर असा, एखादी संस्था चालवत असा नाहीतर नुसतं मत मांडणारे नागरिक असा. म्हणून कोविडमध्ये देशांनी खरोखर काय काय करून बघितलं ते इथे एकमेकांशेजारी ठेवतेय. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे वाचताना तुम्हाला हिशोब धरता येईल: हे दोन वाद लोक वेगवेगळे घालतात पण ते एकच आहेत. प्रवासबंदीतून फक्त वेळ मिळतो, आणि त्या वेळात कोणाच्या दंडात लस गेली यावरून ती बंदी कामाची होती की नुसता छळ होता ते ठरतं.

वय की काम

ब्रिटनने ८ डिसेंबर २०२० ला लस द्यायला सुरुवात केली आणि यादी जवळजवळ पूर्ण वयावर लावली. केअर होममधले वृद्ध आणि त्यांना सांभाळणारा स्टाफ, मग ८० च्या पुढचे आणि त्यांच्यासोबत हेल्थ वर्कर, मग पाच-पाच वर्षांनी खाली, मधे गंभीर आजार असलेले. कारण सरळ होतं, कोविडमध्ये मरण्याचा धोका वयाबरोबर इतका चढत जातो की दुसरा कुठलाही एकच निकष त्याच्या जवळपास येत नाही. शिवाय जन्मतारीख तपासायला सोपी. कोणाचं काम जास्त महत्त्वाचं यावर भांडत बसायला नको, ओळखीने रांगेत घुसणंही अवघड जातं.

पण याची दुसरी बाजू गंभीर आहे. बस चालवणारा, सफाई करणारी, दुकानात उभी राहणारी मुलगी, हे लोक चाळिशीचे म्हणून मागे राहतात आणि घरी बसता येत नाही म्हणून रोज व्हायरसच्या तोंडावर जातात. छोट्या घरात तीन पिढ्या राहत असतील तर तोच माणूस आजीला इन्फेक्शन नेऊन देतो. वयाची यादी मला पटते, पण ती यांच्याबद्दल गप्प आहे हे मान्य केल्याशिवाय तिची बाजू घेऊ नये.

याच्या बरोबर उलटं इंडोनेशियाने केलं. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी कॅमेऱ्यासमोर पहिला डोस घेतला आणि हेल्थ वर्करनंतर १८ ते ५९ वयाच्या कामकरी लोकांना पुढे ठेवलं गेलं. एक कारण असं की त्यांच्या हातात असलेल्या सायनोव्हॅक या चिनी कंपनीच्या लसीची तिथली ट्रायल याच वयोगटात झालेली, वयस्कर लोकांचा डेटा तेव्हा पुरेसा नव्हता. दुसरं कारण म्हणजे फिरणाऱ्याला लस दिली की साखळी तुटेल आणि अर्थव्यवस्था पण हलेल. ऐकायला हे खूप पटतं, फक्त ते एका गोष्टीवर उभं आहे, लस प्रसार थांबवते का? आणि २०२० च्या शेवटी हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, कारण मोठ्या ट्रायल मुख्यतः माणूस आजारी पडतो का हेच मोजत होत्या. सायन्स जर्नलमध्ये २०२१ ला आलेल्या एका मॉडेलिंग अभ्यासाने (म्हणजे साथ कशी पसरेल याचा गणिताने काढलेला अंदाज) दोन्ही क्रम शेजारी ठेवून बघितले. प्रसार चांगला अडवणारी लस २० ते ४९ वाल्यांना आधी दिली तर एकूण केसेस कमी होतात, पण मृत्यू कमी करायचे असतील तर बहुतेक परिस्थितींमध्ये ६० च्या पुढच्यांनाच आधी द्यावी लागते. म्हणजे तुम्ही काय वाचवायला निघालात ते आधी ठरवा, यादी त्याच्या मागून येते. हे न ठरवताच वाद घालणारे लोक दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या अंगावर फेकत असतात.

अमेरिकेने मधला रस्ता घेतला. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सल्लागार समितीने हेल्थ वर्कर आणि लाँग टर्म केअरमधल्या लोकांनंतर ७५ च्या पुढचे आणि फ्रंटलाइन कामगार एकत्र ठेवले, ६५ ते ७४ वाले त्यांच्या मागे. न्यायाच्या दृष्टीने मला ही यादी सगळ्यात जास्त विचार करून केलेली वाटते. चालवायला मात्र ती भयंकर अवघड निघाली, अत्यावश्यक कोण याची व्याख्या प्रत्येक राज्याने आपापली केली, आणि जानेवारी २०२१ मध्येच केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं की ६५ च्या पुढच्या सगळ्यांना उघडा. बारीक यादी करायची असेल तर ती चालवणारी यंत्रणा आधी हवी, नाहीतर ज्याला फोन आणि कॉम्प्युटर चांगला जमतो तोच पुढे जातो.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, म्हातारे आधी हा काही कायमचा नियम नाहीये. २००९ च्या एच१एन१ फ्लूमध्ये अमेरिकेच्या त्याच समितीने गरोदर बायका, तान्ह्या बाळांना सांभाळणारे, हेल्थ वर्कर आणि ६ महिने ते २४ वर्षांपर्यंतची मुलं-तरुण पुढे ठेवले होते, कारण वयस्कर लोकांकडे जुन्या इन्फेक्शनमुळे थोडीफार इम्युनिटी दिसत होती. त्यामुळे पुढच्या साथीत कोणी कोविडची यादी तशीच्या तशी काढून दाखवली तर आधी हा आजार कोणाला मारतोय ते विचारा.

एक डोस जास्त जणांना की दोन डोस कमी जणांना, हाही प्राधान्याचाच भाग. ब्रिटनने ३० डिसेंबर २०२० ला दुसरा डोस १२ आठवड्यांपर्यंत लांबवला, भारताने मे २०२१ मध्ये कोविशिल्डसाठी अंतर १२ ते १६ आठवडे केलं. तुटवडा असताना पहिला डोस जास्त लोकांपर्यंत नेणं मला बरोबर वाटतं, पण पहिल्या डोसचा परिणाम टिकतो असा डेटा येत राहिला पाहिजे, कारण डेल्टा व्हेरियंटसमोर एकच डोस कमी पडतो हे नंतर दिसलं.

देशाच्या आत की देशाबाहेर

इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. १८ जानेवारी २०२१ ला डब्ल्यूएचओचे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे, प्रमुख टेड्रोस यांनी सांगितलं की ४९ श्रीमंत देशांमध्ये ३ कोटी ९० लाखांहून जास्त डोस देऊन झालेत आणि एका गरीब देशात २५ डोस दिले गेलेत. पंचवीस लाख नाही, पंचवीस. गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून उभारलेल्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची योजना २०२१ संपेपर्यंत २०० कोटी डोस पोचवायची होती, शंभर कोटीवा डोस जानेवारी २०२२ मध्ये पोचला. मार्च २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट चढली आणि निर्यात थांबली, त्याचाही कोव्हॅक्सला मोठा फटका बसला, भारतातल्या एकाच उत्पादकावर इतकं अवलंबून राहायचं नसतं.

आपले लोक आधी ही बाजू मी उडवून लावणार नाही, सरकार आपल्या नागरिकांना उत्तर देणारच. पण एका देशातल्या २५ वर्षांच्या ठणठणीत माणसाला लस आणि दुसऱ्या देशात आयसीयूमधल्या नर्सला नाही, या तुलनेत नर्सच्या बाजूने उभं राहायला मला तरी काही वेळ लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने बूस्टर थांबवा म्हणून सांगितलं ते याच कारणाने, ऐकलं मात्र फार कमी देशांनी.

प्रवास: चार पर्याय

पूर्ण बंदी, देशांच्या याद्या (ठराविक देशांतून येणाऱ्यांनाच अडवणं), टेस्ट आणि क्वारंटाइन, आणि लसीचं सर्टिफिकेट. चारही सारखे नाहीत, त्यामुळे सारखी जागा देत नाही.

पूर्ण बंदी लवकर आणि सगळ्यांसाठी असेल तर चालते, हे न्यूझीलंडने दाखवलं. १९ मार्च २०२० ला त्यांनी परदेशी लोकांना बॉर्डर बंद केली, आणि २०२० मध्ये तिथे नेहमीपेक्षा कमी मृत्यू झाले. किंमत पण मोठी होती. स्वतःच्या नागरिकांना परत यायला क्वारंटाइनची खोली मिळेना, लॉटरीसारखी ऑनलाइन रांग लागली, आणि एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या हायकोर्टाने म्हटलं की या पद्धतीने काही नागरिकांचा मायदेशी परतायचा हक्क डावलला गेला. बंदीला पाठिंबा द्यायचा तर घरी येऊ न शकलेल्यांना पण तोंड द्यायची तयारी ठेवा. आणि समुद्राने वेढलेल्या देशाचा उपाय चारी बाजूंनी जमिनीच्या सीमा असलेल्या देशाला तसाच लागू पडत नाही.

देशांच्या याद्या हा मला चारातला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो, कारण यादी निघेपर्यंत व्हायरस त्या देशांच्या बाहेर गेलेला असतो. नोव्हेंबर २०२१ चं बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन हा नवा व्हेरियंट पकडला, २४ तारखेला डब्ल्यूएचओला कळवलं, आणि दोन-तीन दिवसांत आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांची विमानं बंद. नंतर नेदरलँड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांत तोच व्हेरियंट सापडला, म्हणजे बातमी यायच्या आधीच तो युरोपात होता. ब्रिटनने ११ देश रेड लिस्टमध्ये, म्हणजे त्यांच्या अडवायच्या देशांच्या यादीत, टाकले आणि १५ डिसेंबरला काढून टाकले कारण तोवर ओमिक्रॉन त्यांच्याच घरात पसरला होता. यातून पुढच्या वेळी देशांना काय शिकायला मिळालं? लवकर सांगाल तर शिक्षा होईल. ज्या देशाने सगळ्या जगाला वेळ मिळवून दिला त्याचीच विमानं अडली, आणि टेस्टिंगला लागणारं सामान पोचणार नाही अशी भीती तिथल्याच शास्त्रज्ञांना बोलून दाखवावी लागली.

टेस्ट आणि क्वारंटाइन हा तुलनेने प्रामाणिक पर्याय, कारण तो माणसाचा पासपोर्ट न बघता इन्फेक्शन बघतो. नुसती निघण्याआधीची टेस्ट मात्र बरंच काही सोडून देते, कालच लागण झालेला आज निगेटिव्ह येतो. क्वारंटाइन खरं काम करतं पण गळती झाली की सगळं गेलं. मेलबर्नची २०२० ची दुसरी लाट क्वारंटाइन हॉटेलांतूनच बाहेर आली होती आणि शहराने शंभरहून जास्त दिवस लॉकडाऊन सोसला.

सर्टिफिकेटचं काय? लोक पिवळ्या तापाचं उदाहरण देतात. पण ती लस एका डोसमध्ये जन्मभर पुरते, २०१६ पासून सर्टिफिकेटही जन्मभर चालतं. कोविडच्या लसी जीव वाचवत होत्या पण ओमिक्रॉननंतर दोन डोस घेतलेल्यांना लागण होणं सर्रास झालं, त्यामुळे हा माणूस पसरवणार नाही असं ते सर्टिफिकेट सांगूच शकत नव्हतं. शिवाय कुठली लस मिळाली हे माणूस निवडत नाही. १ जुलै २०२१ ला युरोपचं डिजिटल सर्टिफिकेट चालू झालं तेव्हा ॲस्ट्राझेनेकाची युरोपात बनलेली लस त्यात बसत होती आणि तिचंच भारतात बनलेलं रूप, कोविशिल्ड, आपोआप बसत नव्हतं, एकेका देशाने स्वतंत्रपणे मान्यता दिली तरच चालायचं. ज्या लोकांना कोव्हॅक्समधून हीच लस दिली त्यांनाच दारात अडवायचं हे मला कुठल्याच बाजूने योग्य वाटत नाही. डब्ल्यूएचओची आणीबाणी समिती २०२१ मध्ये हेच म्हणत होती, लसीचा पुरावा ही प्रवासाची अट करू नका, वाटपच असमान आहे.

सुरुवातीच्या बंदीने किती वेळ मिळतो त्याचा एक अंदाज सांगते. वुहानच्या बंदीवर सायन्समध्येच २०२० ला आलेल्या मॉडेलनुसार चीनमध्ये प्रसार फक्त ३ ते ५ दिवस लांबला, बाहेरच्या देशांत जाणाऱ्या केसेस मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळजवळ ८० टक्क्यांनी घटल्या. त्यातच पुढे होतं की समाजातला प्रसार निम्म्याने तरी कमी केला नाही तर ९० टक्के प्रवास थांबवूनही फरक थोडाच पडतो.

मिळालेल्या वेळाचं काय झालं

आता हाँगकाँग आणि न्यूझीलंड शेजारी ठेवा. दोघांनी बॉर्डर कडक ठेवली, हाँगकाँगमध्ये तर हॉटेल क्वारंटाइन २१ दिवसांपर्यंत गेलं. २०२१ संपेपर्यंत दोन्हीकडे मृत्यू फार कमी. न्यूझीलंडने लस देताना सगळ्यात आधी बॉर्डर आणि क्वारंटाइनमध्ये काम करणारे आणि त्यांच्या घरचे घेतले, कारण व्हायरस आत यायची वाट तीच होती, मग फ्रंटलाइन हेल्थ वर्कर, मग ६५ च्या पुढचे, आणि ओमिक्रॉन देशात पसरायच्या आत १२ वर्षांच्या पुढच्या ९० टक्के लोकांचे दोन डोस झाले, वयस्कर लोकांचे तर त्याहून जास्त. हाँगकाँगमध्ये कागदावर वयस्कर लोक पहिल्या गटांत होते, पण साइड इफेक्टची भीती आणि केसेसच नाहीत तर घाई कशाला या विचाराने ८० च्या पुढच्या बहुतेकांचे दोन डोस झालेच नव्हते. २०२२ च्या सुरुवातीला लाट आली आणि एप्रिलअखेर नऊ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातले बहुतेक वयस्कर. त्याच तारखेपर्यंत न्यूझीलंडचा आकडा हजाराच्या आत होता. लोकसंख्या हाँगकाँगची जास्त आहे, पण एवढा फरक त्याने भरून निघत नाही.

म्हणून माझी निवड अशी. लस: आजार कोणाला मारतोय त्या क्रमाने, कोविडसारखा असेल तर वय आधी, जोडीला हेल्थ वर्कर, बॉर्डर घट्ट असेल तर तिथला स्टाफ सगळ्यांच्या पुढे, आणि घरातून न निघणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत डोस घेऊन जाणारी टीम पहिल्या दिवसापासून. प्रवास: अगदी सुरुवातीला, सगळ्यांसाठी सारखी, शेवटची तारीख लिहिलेली बंदी मला चालेल, पण अर्धवट, एखाद्या भागावर रोखलेली आणि मुदत नसलेली नाही. ज्यांना हॉटेलं, शाळा, पोटापाण्याचे धंदे चालू राहण्याची जास्त काळजी आहे त्यांनी टेस्ट आणि छोट्या क्वारंटाइनकडे झुकावं, त्यात काही चूक नाही, फक्त वयस्करांचे डोस झालेत का ते बघूनच दार उघडायची मागणी करा.

आणि कळवणाऱ्या देशाचं काय, हा मुद्दा सोडू नका. २० मे २०२५ ला डब्ल्यूएचओमध्ये साथींबद्दलचा करार मंजूर झाला, त्यात सहभागी उत्पादकांनी साथीच्या काळात लस-औषधांच्या उत्पादनाचा २० टक्के हिस्सा, म्हणजे एकूण उत्पादनाचा किमान १० टक्के दान म्हणून आणि बाकीचा परवडणाऱ्या किमतीत, डब्ल्यूएचओला द्यायचं लक्ष्य आहे. पण व्हायरसचे नमुने द्यायचे आणि बदल्यात लस मिळवायची ही व्यवस्था कशी चालणार ते वेगळ्या जोडपत्रावर सोडलं गेलं. बॉर्डर बंद करा म्हणणाऱ्यांना आणि उघडा म्हणणाऱ्यांना, दोघांनाही त्या जोडपत्राबद्दल काय म्हणायचंय ते विचारा.