फोन की लष्करी दवाखाना?

साताऱ्याकडच्या एका वहिनींचा प्रश्न. त्यांचे यजमान लष्करात जवान, दोन महिन्यांच्या रजेवर आलेत, रात्री झोप नाही, मुलांवर चिडचिड. १४४१६ ला (‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला) फोन करावा, की पुण्याच्या लष्करी कमांड हॉस्पिटलात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं?

पैशाचा प्रश्न दोन्हीकडे नाही. सेवेतल्या जवानाला लष्करी दवाखाना मोफत, टेलि-मानसही मोफत. शिवाय १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यदलांसाठी टेलि-मानसचा वेगळा कक्ष सुरू झाला.

धावपळ? फोन रात्री दोनलाही लागतो. दवाखान्यासाठी साताऱ्याहून निम्मा दिवस जातो.

खरी अडचण भीतीची. लष्करात वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ने (SHAPE) ठरते; यातलं एकेक अक्षर तब्येतीच्या एकेका बाजूचं, आणि पहिलाच ‘एस’ मनाचा. श्रेणी उतरली की पोस्टिंग, बढती अडू शकते, म्हणून जवान गप्प बसतात. भीती खोटी नाही. पण उपचाराविना महिने काढले, तर तीच श्रेणी जास्त उतरण्याचा धोका. नाव न सांगता चार शब्द बोलायला फोन सोपा, आणि वहिनी स्वतःसाठीही करू शकतात. (बायकांचा ताण कोण मोजतं?)

मात्र तपासणी, औषधं आणि महिनोन्‌महिने पाठपुरावा यांत दवाखानाच सरस.

नुसती झोप उडाली असेल, बोलायला कुणी हवं असेल तर फोन. दारू वाढली असेल, दचकून उठणं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर दवाखाना. जीव नकोसा झाल्याची भाषा असेल, तर तिथल्या तिथे फोन लावा, त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात न्या.