क्रूझवर आरडी बर्मन नाइट करायला निघालो आणि सव्वाचार लाख घालवून बसलो

परवा माझ्या नाशिकच्या साडूला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली, क्रूझवर गरबा नाइट, हाफ चार्टर (म्हणजे अर्धं जहाज आपल्यासाठी बुक), तारीख पक्की वगैरे. त्यानं सहज मला फॉरवर्ड केली आणि ती उघडल्यावर माझ्या पोटात गोळाच आला, कारण गरब्याच्या जागी आरडी बर्मन टाका की झाली आम्हाला फसवणाऱ्यानं पाठवलेली पीडीएफ. तेच फोटो, तेच रंग, दुसऱ्या पानावरची स्पेलिंगची चूकसुद्धा तीच. इतके दिवस घरच्या आणि ग्रुपच्या माणसांशिवाय बाहेर कुणाला सहसा बोललो नव्हतो, लाज वाटायची. आता सांगतोच.

आमचा धुळ्यात कराओके ग्रुप आहे. शिक्षक, मेडिकलवाले, दोन-तीन बँकेतले, एक रिटायर्ड पोस्टमन काका. दर रविवारी देवपुरात एकाच्या गच्चीवर गातो. वर्षातला मोठा कार्यक्रम म्हणजे पंचमदांचा, म्हणजे आरडींचा वाढदिवस, 27 जून. 2025 ला तो शुक्रवारी येत होता, मग कुणीतरी पिल्लू सोडलं की यंदा समुद्रात करू, शुक्रवार ते रविवार, सगळे सत्तरच्या दशकातल्या कपड्यांत. काकांनी तर आग्रा रोडच्या टेलरकडे बेलबॉटम शिवायलासुद्धा टाकली. आईला सांगितलं तर म्हणे, "पानीमा नाचाले कोनी पैसा देस का रे?" आम्ही हसलो.

इन्स्टावर जाहिरात दिसली, मी फोन लावला. खजिनदार मीच, त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच हातून झालं. माणूस बोलायला असा गोड की विचारू नका, "दादा, तुमची खान्देशी शेवभाजी मेनूत टाकू ना" इथपर्यंत. त्यानं फ्लोरिडातून निघणाऱ्या एका हेवी मेटल म्युझिक क्रूझचे व्हिडिओ पाठवले, 2011 पासून चालू आहे ती, आख्खं जहाज बुक करून साठेक बँड वाजवतात, ते खरंच आहे. म्हणे तसंच तुमचं, फक्त हाफ चार्टर. थिएटर दोन्ही रात्री आमचं? हो. साउंडवाला आमचा चालेल? हो. माणसं फक्त 84 आहेत, चालेल? हो दादा. 27 जून मिळेल? दोन मिनिटांत उलटा फोन, "नशीबवान आहात, डेट अव्हेलेबल आहे."

अव्हेलेबल असणारच ना! जूनच्या शेवटाला अरबी समुद्र काय असतो हे कोकणातलं शेंबडं पोर सांगेल. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद, 1 जूनपासून मासेमारीला बंदी, मुंबईहून फिरणारं क्रूझ जहाज त्या दिवसांत चेन्नईकडे नेतात. पण आम्ही पांझरेच्या काठची माणसं, आमच्या डोक्यात जून म्हणजे पेरणी आणि छत्री, समुद्र कुणाला सुचलाच नाही. आणि तारीख इतकी जीवाची होती की हो म्हटल्यावर पुढे विचारायची इच्छाच राहिली नाही, हे पण खरं.

फेब्रुवारीत टोकन 2 लाख 60 हजार. मार्चमध्ये पोर्टचं सिक्युरिटी डिपॉझिट 1 लाख 15 हजार, रिफंडेबल म्हणे. एप्रिलमध्ये गाण्यांच्या लायसन्सचे 48 हजार. या तिसऱ्या मागणीला तर आम्ही मान डोलावली, कारण कार्यक्रमात लोकांची गाणी गायची तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) लायसन्स लागतं हे आम्हाला माहीत होतं. पण ते आयोजकाच्या नावावर निघतं आणि पावती आयोजकाला मिळते, आम्हाला मिळाला नुसता स्क्रीनशॉट. खोट्यात थोडं खरं मिसळलं की माणूस गिळतो हो.

मग आमच्यातल्या एकाच्या सीए भाच्यानं बिल बघितलं आणि अर्ध्या मिनिटात पोरगं म्हणालं, मामा, हे बोगस आहे. बिलावर पत्ता मुंबईचा आणि जीएसटी नंबर 24 नं सुरू, म्हणजे गुजरातचा, महाराष्ट्राचा 27 असतो (इथेपण 27, बघा). वर छापलंय प्रायव्हेट लिमिटेड, पण नंबरातलं सहावं अक्षर पी. पहिल्या दोन आकड्यांनंतर पॅन नंबर असतो आणि पॅनचं चौथं अक्षर पी असलं तर तो एका माणसाचा पॅन, कंपनीचा असता तर सी आलं असतं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर कुठल्यातरी मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानाचा निघाला, त्या बिचाऱ्याला पत्तापण नसेल. एवढं बघायला पैसे लागत नाहीत. आम्ही लाखांत पैसे भरून बघितलं नाही.

त्याच पोरानं फोटो सर्च केले. पीडीएफमधलं जहाज, ज्याचा माथा डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोल आहे आणि ज्याचा फोटो मी चार महिने डीपीला लावला होता, ते कर्णिका. 2019 ला मुंबईहून फिरायचं, 2020 च्या नोव्हेंबरात गुजरातमधल्या अलंगला भंगारात गेलं. म्हणजे आम्ही चार-पाच वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या जहाजावर केबिनी वाटत बसलो होतो, कोण खिडकीजवळ आणि कोण बाल्कनीत, त्यावरून दोघांची भांडणं पण झाली होती.

नंतर एका खऱ्या ट्रॅव्हलवाल्याशी बोललो. तो म्हणाला, चार्टर म्हणजे सहसा आख्खं जहाज घ्यायचं, केबिन रिकाम्या राहिल्या तरी पैसे तुमचेच, करार थेट जहाज कंपनीच्या सहीचा, पैसे कंपनीच्या खात्यात, आणि तयारी वर्षभर आधीपासून. दीड-दोन हजार माणसांच्या जहाजावर 84 लोकांचं ते साधं ग्रुप बुकिंग. त्यासाठी थिएटर दोन रात्री कोण मोकळं ठेवणार? खरा माणूस आमच्या निदान तीन गोष्टींना नाही म्हणाला असता.

सगळ्यात मोठी घोडचूक त्यानंतर केली. फसवणूक कळल्या कळल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, तर मी त्या पीडीएफवाल्यालाच फोन केला. तो म्हणे दादा गैरसमज झाला, सोमवारी रिफंड टाकतो. सोमवार गेला, गुरुवार गेला, नऊ दिवस मी त्याच्या गुड मॉर्निंगवर बसून राहिलो आणि तेवढ्यात पैसे या खात्यातून त्या खात्यात पुढे सरकत गेले. शेवटी 1930 आणि सायबर पोलीस केलं तेव्हा शेवटच्या हप्त्यातले 31 हजार एका खात्यात होल्ड झाले, तेही तेव्हा कोर्टाचा आदेश आल्याशिवाय हातात येणार नव्हते. बाकीचे गेले.

27 जूनला गच्चीवरच गायलो, ताडपत्री बांधून, लाइट दोनदा गेली. मी महिन्याला जमेल तसे लोकांचे परत करतोय, काही जण घेतात, काही नको म्हणतात. काकांकडे गेलो तर म्हणाले, पैसे राहू दे, बेलबॉटमची शिलाई तेवढी दे, 450. ती दिली.