मातीसकट घेतलेली रोमन नाणी: काही महिन्यांनंतर

इथे इंग्लंडात एका विक्रेत्याकडून साफ न केलेल्या रोमन कांस्य नाण्यांची पिशवी घेतली, त्याला आता बरेच महिने झाले. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर नादी लागू नका. जाहिरातीतल्या फोटोत ठसठशीत चेहरे, पिशवीत मात्र बऱ्याचशा गुळगुळीत चकत्या. पण नाण्यांवरची चित्रं ओळखायला शिकायचं असेल तर पैसे वसूल.

साफसफाईला चिकाटी लागते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घालायची, पाणी बदलत राहायचं, मग टूथपिक आणि मऊ ब्रश. चिंच, लिंबू, पितांबरी अजिबात नको. तांब्याची भांडी लख्ख करायची आपली सवय इथे नडते. वरचा काळपट हिरवा थर गेला की चित्राचे बारकावेही जातात.

बहुतेक नाणी चौथ्या शतकातली, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळातली, जेमतेम नखाएवढी. माझं लाडकं ‘उर्ब्स रोमा’, म्हणजे रोम नगरी, असं लिहिलेलं नाणं. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे रोम्युलस-रीमसला, म्हणजे दंतकथेत रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांना, दूध पाजणारी लांडगी. तिने मान वळवली आहे, वर दोन तारे. खाली टांकसाळीची खूण टीआरपी! म्हणजे ट्रियरच्या (आजच्या जर्मनीतलं शहर) टांकसाळीचा पहिला विभाग; वाहिन्यांशी संबंध नाही.

‘ग्लोरिया एक्झर्सिटुस’, म्हणजे सैन्याचा गौरव, ही नाणी पिशवीत ढिगाने मिळतात. दोन सैनिक आणि मध्ये दोन ध्वज असतील तर नाणं साधारण 330 ते 335 मधलं. पुढे नाण्याचं वजन घटवलं आणि एक ध्वज गायब झाला. सैन्याचा गौरव तेवढाच, धातू कमी! दोन्ही नाणी शेजारी ठेवली की काटकसर भिंगाशिवायही दिसते.

348 नंतरच्या ‘फेल टेम्प रेपरातिओ’वर, म्हणजे सुखाचे दिवस परत आल्याच्या घोषणेखाली, रोमन सैनिक घोडेस्वाराला भाल्याने भोसकतो आहे. सरकारी जाहिरातबाजी तेव्हाही अशीच. घोडा कोसळलेला, स्वाराचा हात मागे वर उचललेला. एवढ्याशा जागेत कोरणाऱ्याने कमाल केली आहे.

एक सावधगिरी: फिक्या हिरव्या, भुकटीसारख्या ठिपक्यांवर नजर ठेवा. तो ब्राँझ डिसीज. क्लोराइड आणि दमटपणामुळे धातू आतून खाल्ला जातो. असं नाणं लगेच वेगळं काढा. बाकीची सिलिका जेल घालून कोरड्या डबीत ठेवा. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी तर नक्कीच.