सात महिने ‘रिनेम’ वापरल्यावर

आमच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम अंगावर घेतलं. स्कॅनर नावं द्यायचा ‘स्कॅन1’, ‘स्कॅन2’... पीडीएफ बांधली की पहिल्या पानानंतर थेट दहावं, अकरावं. एफ-टू दाबत एकेक नाव बदलण्यात एक रविवार घालवला आणि मग टर्मिनल, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, उघडलं.

रिनेम म्हणजे एकगठ्ठा फाईलींची नावं बदलणारी आज्ञा. उबुंटू या लिनक्सवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल रिनेम’ म्हटलं की येतो तो पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतला, पर्लवाला रिनेम. एस या अक्षरापुढे तिरप्या रेघांमध्ये आधी जुना शब्द, मग नवा, एवढ्यावर निम्मं काम भागतं. शेवटी ई लावला की उजवी बाजू पर्लचा कोड म्हणून चालते. मग आकडा हव्या तितक्या अंकी लिहून देणाऱ्या स्प्रिंटएफकडून 7 चं 007 करून घ्यायचं. अख्खा अंक क्षणात रांगेत.

सगळ्यात आवडला तो आज्ञेला जोडायचा डॅश-एन हा पर्याय. काहीही न बदलता काय बदलणार ते दाखवतो. एकदा ‘1972-स्कॅन7’ छापाच्या नावांवर हाच नियम लावला, तर यादीच रिकामी! बराच वेळ डोकं खाजवलं. नियम पहिला आकडा धरत होता, म्हणजे साल; आणि 1972 ला तीन अंकी करा म्हटलं तरी ते 1972च राहणार. ‘स्कॅन’पुढचाच आकडा धर असं सांगितल्यावर गाडी चालली.

फजिती झाली ती हलवताना. तीन दिवाळी अंकांचे फोल्डर फॉर लूप लावून (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवून) एमव्ही या फाईली हलवणाऱ्या आज्ञेने एकात ओतले. तिन्हींत ‘स्कॅन001’ होतंच. शेवटचा अंक उरला, आधीचे दोन गेले. एकाच एमव्हीला सगळ्या फाईली दिल्या असत्या तर ‘आत्ताच आणलेल्या फाईलवर लिहिणार नाही’ म्हणून तो अडला असता; लूपमध्ये दर वेळी नवा एमव्ही, त्याला मागचं काय ठाऊक? आता एमव्हीलाही डॅश-एन लावतो. तिथे त्याचा अर्थ वेगळा: असलेल्या फाईलला हात लावू नको. एकच अक्षर, दोन अर्थ. असो.

तक्रार एकच. वाचनालयाच्या फेडोरावरचा (हेही एक लिनक्सच) रिनेम नावाने तोच, पण वेगळाच. त्याला एस-बीस कळत नाही, नुसता जुना शब्द आणि नवा शब्द द्यायचा. पर्लवाला आधीच असलेल्या नावावर लिहायला नकार देतो. हा विचारतही नाही.

आणि लेखाचा पूर्ण मथळा नावात घालायचा मोह टाळा. लिनक्सवर नावाला 255 बाइट मिळतात, आपलं एकेक अक्षरचिन्ह तीन खातं. काना-मात्रा, हलन्तही त्यात मोजले जातात.

वाचनालयातले काका अजून एफ-टूच दाबतात. त्यांचं मात्र आजवर एकही पान हरवलेलं नाही.