क्रूझवर कुठे बसायचं: उघडा पूल, काचेच्या छताखालचा पूल की खोलीची बाल्कनी?

क्रूझ बुक करताना आपल्याकडचे प्रश्न ठरलेले असतात. जैन जेवण वेगळं मिळतं का, खोलीला खिडकी आहे का, माणशी किती पडतील. पूलजवळ सावली किती आहे हे सहसा कुणी विचारत नाही. पण ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, त्या दिवशी सगळी गर्दी पूलच्या डेकवर लोटते. तो दिवस मजेत जाणार की खांदे सोलवटून घेण्यात, हे तुम्ही कुठे आणि किती वाजता बसता यावर ठरतं. नाशिकहून पहिल्यांदाच क्रूझला निघालेल्या घरांसाठी म्हणून ही तुलना. माझं मत आधीच सांगते: पूल केवढा आहे ते नंतर बघा. सावली किती आहे आणि खुर्च्यांच्या बाबतीत जहाजावर शिस्त आहे का, हे आधी बघा.

वाऱ्यात ऊन कळत नाही

आपल्याला ऊन कळतं ते चटक्यावरून. मे महिन्यात कॉलेज रोडला लावलेल्या स्कूटीच्या सीटला दुपारी हात लावून बघा. म्हणून तर स्कार्फ, गॉगल, सनकोट असा जामानिमा केल्याशिवाय आपल्या मुली-बायका गाडी काढत नाहीत. समुद्रावर ही चटक्याची खूणच मिळत नाही. जहाज साधारण 15 ते 20 नॉट्सने, म्हणजे ताशी 28 ते 37 किलोमीटरने चाललेलं असतं. डेकवर सतत वारा असतो, घाम लगेच वाळतो, अंग गार राहतं. त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, आणि त्या किरणांची ऊब जाणवत नाही. वाऱ्याने ते कमीही होत नाहीत. पातळ ढगांतूनही बहुतेक किरण खाली येतात, त्यामुळे आभाळ भरून आलंय म्हणून निर्धास्त बसणाराही भाजतो.

दुसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. डिसेंबरच्या अखेरीस नाशिकला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर असतो. त्याच दिवशी लक्षद्वीपजवळ तो 56 अंशांवर, तर सिंगापूरला 65 अंशांवर असतो. सिंगापूरला याहून कमी तो वर्षभरात कधीच होत नाही. आपण स्वेटर घालून नाशिक रोड स्टेशनवर उभे राहतो आणि दोन दिवसांत थेट अशा उन्हात जातो, त्वचेला सवय व्हायला वेळच मिळत नाही. सोपी खूण सांगते. उभं राहून स्वतःची सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत, सावलीत जा. फोनवर हवामान बघताना यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडाही दिसतो. तो 3 झाला की काळजी घ्यायची, 8 च्या वर गेला की दुपारी उघड्यावर बसायचंच नाही.

सावळ्या रंगाला ऊन लागत नाही, हा आपल्याकडचा जुना समज आहे. सावळ्या त्वचेला थोडं संरक्षण असतं हे खरं, पण ती भाजते. गोऱ्या माणसासारखी लाल दिसत नाही, इतकंच. उन्हातून उठल्यावर काही तासांनी आग सुरू होते आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्यानंतर साल निघते, काळे डाग राहतात. ज्यांच्या गालांवर वांग आहेत त्यांचे तर एका सहलीत गडद होऊ शकतात, आणि मग फिकट व्हायला महिनोन् महिने जातात.

उघडा पूल: रौनक इथेच, पण ठरावीक वेळेला

जहाजाच्या मधोमध, वरच्या डेकवर, चहूबाजूंनी खुर्च्या. गाणी, स्पर्धा, आइस्क्रीमचं काउंटर, सगळं इथेच असतं. लहान मुलं असतील तर तुम्ही इथेच येणार. बहुतेक खुर्च्या उन्हात आणि थोड्याच सावलीत असतात, आणि त्या थोड्यांवरूनच सगळी ओढाताण होते.

सकाळी सातला डेकवर चक्कर मारा. सावलीतल्या रांगेत टॉवेल अंथरलेले दिसतील. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांना रंगीत क्लिपा लावलेल्या, एका खुर्चीवर स्लीपरचा जोड, शेजारच्या खुर्चीवर पालथं ठेवलेलं पुस्तक. माणूस एकही नाही. मंडळी नाश्त्याला, तिथून जिमला, तिथून खोलीत. दहा वाजता एखादे आजोबा काठी टेकत सावली शोधत फिरतात आणि शेवटी उन्हातल्या खुर्चीवर बसतात. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. प्रवाशांपेक्षा सावलीतल्या खुर्च्या कितीतरी कमी असतात. मग तीन तास रिकामी अडवलेली खुर्ची म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची सावली.

म्हणूनच मोठ्या कंपन्यांनी नियम केले आहेत. कार्निव्हलच्या जहाजांवर रिकाम्या खुर्चीला 40 मिनिटांची मुदत असते, रॉयल कॅरिबियनवर 30 मिनिटांची. कर्मचारी वेळ नोंदवतात आणि मुदत संपली की सामान गोळा करून काउंटरवर नेऊन ठेवतात. नियम सगळीकडे सारख्या कडकपणे पाळला जात नाही, हेही खरं. खुर्ची अडलेली दिसली तर दुसऱ्याचा टॉवेल स्वतः उचलू नका. वाद होतो, आणि त्यात एखादी वस्तू हरवली तर नसता आळ अंगावर येतो. डेकवरच्या कर्मचाऱ्याला सांगा, हे त्याचं कामच आहे.

आपण निघतो ते दोन-तीन कुटुंबं मिळून, दहा-बारा जण. तिथे बारा खुर्च्या ओढून गोल करायचा मोह होतो. करू नका. मुलं पाण्यातच असतात, निम्मे मोठे खात असतात. चार खुर्च्या पुरतात, आळीपाळीने बसायचं. पाण्यात उतरलात तर खुर्ची तुमची, जेवायला गेलात तर ती सोडायची, इतका साधा हिशेब आहे. टॉवेल बहुतेक जहाजांवर खोलीच्या कार्डावर नोंदवून देतात. परत केला नाही तर बिलात पैसे लागतात.

काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. पोहण्याच्या कपड्यातल्या बायकांकडे टक लावून बघणं, किंवा आपल्या फोटोच्या निमित्ताने त्यांना फ्रेममध्ये घेणं, हे अत्यंत वाईट आहे. तक्रार झाली तर सुरक्षा रक्षक येतात. सोबतच्या तरुण मुलांना हे घरातून निघतानाच सांगा. स्पीकरवर व्हिडिओ कॉल आणि रील नकोत. अंगाला खोबरेल चोपडून पाण्यात उतरू नका. त्याने ऊन अडत नाही, पाणी तेवढं तेलकट होतं आणि डेकच्या लाद्या निसरड्या होतात. त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर जो नियम, तोच इथे: आधी शॉवर, मग पाणी. कपडे नायलॉनचे किंवा लायक्राचे. तान्ह्या मुलांसाठी मात्र आधी चौकशी करा, कारण डायपर घातलेल्या बाळांना अनेक जहाजांवर मुख्य पूलमध्ये उतरू देत नाहीत, पाण्यासाठीचा खास डायपर असला तरी. त्यांच्यासाठी असलीच तर वेगळी जागा असते. ओल्या कपड्यांनी, अनवाणी बुफेत जायचं नाही, हे तर सगळीकडेच आहे.

या पूलला माझ्या मते दोनच वेळा चांगल्या: सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर. मधल्या वेळात पाण्यात डुंबून गार वाटत असतं आणि खांद्यांवर मात्र ऊन बसत असतं.

काचेच्या छताखालचा पूल: शांत, आणि बराचसा सुरक्षित

रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर उघड्या पूलखेरीज सरकत्या छताचा एक पूल असतो, आणि सोलारियम नावाचा 16 वर्षांवरच्यांसाठीचा काचेआडचा भाग असतो. यांतली काही जहाजं काही मोसमांत सिंगापूरहून सुटतात. पाऊस आला तरी दिवस वाया जात नाही. सोलारियममध्ये मुलांचा दंगा नसतो, गाण्यांचा आवाज कमी असतो, पुस्तक खरंच वाचून होतं. तिथे मोठ्याने गप्पा मारल्या तर लोक वळून बघतात, म्हणून दहा जणांच्या कंपूने तिथे जाऊ नये.

उन्हाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. साधी काच त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण बरेच अडवते, पण यूव्हीए किरण तिच्यातून आत येतात. काळवंडणं, वांग वाढणं, सुरकुत्या यांत त्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे काचेखाली आग होणार नाही, पण वांग असलेल्यांनी तिथेही सनस्क्रीन लावूनच बसावं. कापडी छत्रीचंही तसंच. वरून येणारं थेट ऊन ती अडवते, पण अतिनील किरण आकाशातून चहूकडून विखरून येत असतात, लाटांच्या फेसावरून उसळतात, आणि छत्रीखालीही पोहोचतात. छत्रीपेक्षा मोठं, पक्कं छत केव्हाही चांगलं.

बाल्कनी आणि खालचा प्रोमेनाड डेक

गर्दीचा ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी बाल्कनी. खर्च वाढतो, पण खुर्ची तुमची असते आणि डोक्यावर वरच्या मजल्याचं छप्पर असतं. बाजू मात्र विचारपूर्वक घ्या. मुंबईहून दक्षिणेला गोव्याकडे जाताना जहाजाच्या डाव्या हाताला पूर्व येते. म्हणजे डावीकडच्या बाल्कनीत सकाळी ऊन आणि दुपारनंतर सावली. येताना जहाज उत्तरेला तोंड करून चालतं, तेव्हा याच्या बरोबर उलट. ज्या दिवशी दुपारभर समुद्रात असाल तो दिवस जाण्याचा की येण्याचा हे बघून बाजू मागा.

बाल्कनी परवडत नसेल तर अनेक जहाजांवर लाइफबोटींच्या खालून जाणारा चालायचा डेक असतो, तोच प्रोमेनाड डेक. वर बोटी टांगलेल्या, त्यामुळे आपोआप सावली, बसायला बाक किंवा खुर्च्या, समोर पाणी. फुकट, आणि बऱ्याचदा रिकामा. साठीच्या पुढच्या माणसांना मी आधी हाच दाखवीन.

मुंबईहून की सिंगापूरहून?

मुंबईची सोय मोठी. सकाळची गाडी पकडून सीएसएमटीला उतरायचं, तिथून बॅलार्ड पिअरचं टर्मिनल टॅक्सीने अगदी जवळ. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज 2021 पासून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करत आलं आहे. जहाज 1990 सालचं आणि आताच्या मानाने लहान, पूल उघड्यावर. दोन-तीन रात्रींच्या सफरीत पूर्ण दिवस समुद्रात असा एखादाच मिळतो. पहिल्या अनुभवाला, आणि मुलं गाण्या-नाचात रमणारी असतील तर, हे चांगलं. ज्यांना पूलजवळ निवांतपणा हवा आहे त्यांना इथे तो मिळणं अवघड.

सिंगापूरला विमान आणि व्हिसाचा खर्च वाढतो. बदल्यात तीन-चार हजार प्रवाशांचं मोठं जहाज, छताखालचा पूल, मोठ्यांसाठी वेगळा भाग. ऊन मात्र तिथे जास्त कडक. आजी-आजोबा किंवा त्वचेची तक्रार असलेलं कुणी सोबत असेल आणि पैशाची सोय असेल तर मी सिंगापूर निवडेन, ते त्या छतासाठी. नुसती लहान मुलं असतील तर मुंबई.

जहाज कुठलंही घ्या, बुकिंगआधी एजंटकडून डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा मागून घ्या आणि छत असलेला पूल कुठे आहे, त्याला वयाची अट आहे का, लहानांचं पाणी वेगळं आहे का, एवढं त्यात शोधा. पूलवर जीवरक्षक असतो का हेही विचारा, कारण सगळ्या जहाजांवर तो नसतो. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, या औषधांनी त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ थेट उन्हात न्यायचंच नाही.

अंगावर काय

आपले द्राक्ष बागायतदार घडाला ऊन लागू नये म्हणून एकेक घड कागदात गुंडाळतात. अंग झाकणं हाच उन्हावरचा पहिला उपाय, क्रीम त्यानंतर. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट), शक्यतो यूपीएफ 50 चा, म्हणजे त्यातून पन्नासातला एकच भाग किरण आत येतात. पांढरा सुती टी-शर्ट त्या मानाने फार कमी अडवतो, आणि ओला झाला की आणखी कमी. शिवाय सुती कपड्यांत बऱ्याच ठिकाणी पूलमध्ये उतरूही देत नाहीत.

सनस्क्रीन एसपीएफ 30 चं यूव्हीबी किरण सुमारे 97 टक्के अडवतं आणि 50 चं सुमारे 98 टक्के. आकड्यापेक्षा किती लावता आणि कितीदा लावता याला महत्त्व आहे. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण 30 मिली लागतं, आणि दर दोन तासांनी, तसंच पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं असतं. त्या हिशेबाने 50 ग्रॅमची ट्यूब एका माणसाला दोनदाही पुरत नाही. रॅशगार्ड आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी घातली तर लावायला चेहरा, कान, मान, पोटऱ्या आणि हातापायांचे पंजे एवढंच उरतं. विमानाने जाणार असाल तर 100 मिलीहून मोठी बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, ती चेक-इनच्या बॅगेत टाका.