लळिंग-थाळनेरची पावसाळी सहल, आमचा ऑगस्टमधला अनुभव

धुळ्याहून निघणारी ही एक दिवसाची किल्ले सहल, विषय पाऊस आणि लढाया. मागच्या ऑगस्टात एका रविवारी मी आणि माझा भाचा जाऊन आलो, तो आर्मी भरतीची तयारी करतोय म्हणून खरं तर त्याच्यासाठीच बुकिंग केलं होतं. माणशी 850 रुपये, त्यात टेम्पो ट्रॅव्हलर, सकाळी पोहे-चहा, दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. जेवण एक नंबर, त्यावर जास्त लिहीत नाही.

गाईड रिटायर्ड हवालदार आहेत, ग्रुपमधे सगळे त्यांना आबाच म्हणतात. लळिंगला वर चढताना भुरभुर चालू होती, तिथं पाण्याच्या टाक्यांपाशी थांबवून त्यांनी पोरांच्या हातात दमट काडेपेटी दिली आणि म्हणाले पेटवा. एकाचीही पेटली नाही. मग 1757 ची प्लासी सांगितली, भर लढाईत पाऊस आला, इंग्रजांनी तोफांची दारू ताडपत्रीखाली झाकली, नवाबाची भिजली आणि त्याच्या तोफा गप्प झाल्या. भाच्याने ही लढाई शाळेत दोनदा पाठ केली असेल पण त्याला कळली ती त्या काडेपेटीमुळे, घरी येऊन आजोबांना तसंच करून दाखवलं त्याने.

खरी मजा थाळनेरला. तापीच्या काठावरचा किल्ला, खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या घराण्यातल्या मलिक राजाला 1370 मधे जहागीर मिळाली ती हीच, आता पडझड खूप झालीय आणि ते बघून वाईट वाटतं. काठाजवळच्या काळ्या मातीत आबांनी वाळूचं पोतं ठेवलं आणि चार पोरांना दोरीने ओढायला लावलं, तीस-चाळीस पावलांतच सगळ्यांचा दम निघाला, चपला गाऱ्यात रुतून बसल्या, मग तेच पोतं डांबरी रस्त्यावर दोघांनी सहज ओढलं. आता तोफ आणि बैल डोळ्यासमोर आणा म्हणाले. आपले लोक दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला का निघायचे आणि पावसाळा छावणीत का काढायचे हे आपल्याला माहीत असतंच, पण पायाला लागल्यावर जे कळतं ते वेगळंच. इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज सेंधव्याचा घाट उतरून इथं आली ती 27 फेब्रुवारी 1818 ला, म्हणजे जमीन वाळलेली, तोफा ओढायला सोप्या, एका दिवसात किल्ला गेला आणि किल्लेदाराला फाशी दिली. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरब शिपायांनी मात्र त्याच वर्षी मे पासून जूनच्या मध्यापर्यंत किल्ला लढवला, तिकडे इंग्रजांना आपलं ऊन आणि वर येणारा मृग दोन्हीची काळजी असणार, हे मला आबांनी अजून खुलवून सांगायला हवं होतं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते मराठ्यांशी लढलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीचं. आपण समजतो पावसात लढाई थांबते, त्याने उलटा विचार केला. 1803 चा ऑगस्ट, नद्या भरलेल्या, म्हणजे मराठ्यांचं हलकं घोडदळ जे एरवी कुठूनही कुठं पोचतं ते नदीकाठी अडकणार आणि आपण टोपलीच्या नावा बनवून पार होणार, असा त्याचा हिशोब. ऑगस्टात नगर घेतलं, 23 सप्टेंबरला असईची लढाई जिंकली, ऑक्टोबरात त्याच्याच जोडीच्या फौजेने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले. माझं माहेर रावेरकडचं, असीरगड लहानपणापासून बघतेय पण तो पावसाच्या हिशोबाशी असा जोडलेला असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एका ठिकाणी मात्र मला पटलं नाही आणि मी तिथंच बोलले. 1660 च्या जुलैत महाराज पन्हाळ्यावरून निसटले त्याचं बरचसं श्रेय आबांनी पावसाला दिलं. अहो पाऊस तर सिद्दी जौहरवर पण पडत होता ना, आणि पावसाळा लागूनही त्याने वेढा उठवला नव्हता. वाट हेरणारे, पालखी उचलून चिखलातून पळणारे आणि खिंडीत उभे राहणारे बाजीप्रभू नसते तर त्या पावसाने काय केलं असतं? आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बरोबर बोलल्या ताई म्हणाले, हे मला फार आवडलं.

परतीच्या गाडीत कारगिलबद्दल बोलले, हिवाळ्यात दोन्हीकडचे उंचावरच्या चौक्या रिकाम्या करायचे आणि 1999 मधे घुसखोरांनी नेमकं त्याच चौक्यांवर बस्तान मांडलं, गाडीत कोणीच बोलत नव्हतं तेव्हा.

आता तक्रारी. गाडी सातची सांगून आठला निघाली, त्यामुळे थाळनेरची फारुकींची थडगी अक्षरशः दहा मिनिटांत उरकली. बायकांसाठी वाटेत बाथरूमची सोय धड नव्हती, पंचवीस जणांत आम्ही नऊ बायका होतो, आयोजकांनी ढाब्यावर आधीच बोलून ठेवायला काय हरकत आहे. आणि आबांना छोटा स्पीकर द्या, मागच्यांना वाऱ्यात निम्मं ऐकू येत नाही.

पाच पैकी चार स्टार. जाणार असाल तर पावसाळ्यातच जा, बूट नको, मागे पट्टा असलेल्या सॅन्डल घाला आणि कपड्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा.